झडीची बाजू

हवानाच्या विमानतळावर उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत माझं उळं गेलं.

उळं म्हणजे कांद्याचं बी. आमच्या देवळ्याकडे त्याला बी असं कोणी म्हणत नाही. निघायच्या दिवशी आमच्या ह्यांनी मूठभर उळं जुन्या रुमालात बांधून माझ्या साड्यांच्या घडीत सरकवलं होतं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. तपासणीच्या टेबलावरच्या गणवेशातल्या बाईंनी गाठ सोडली, काळे दाणे बोटाने पसरले आणि पुरचुंडी उचलून मागच्या पिंपात टाकली. त्याच बॅगेतल्या बाजरीच्या खारोड्या त्यांनी नुसत्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. लसणाच्या चटणीचा डबा उघडला, हुंगला, दोनदा शिंकल्या आणि हसून परत दिला.

"काकू, बी आणायला बंदी आहे. आणि मी फॉर्मवर 'नाही' लिहिलंय!" मृणाल घाबरून म्हणाली.

"मग काकांना पत्र लिही," मी म्हटलं. "ह्यात माझा काही हात नाही."

मृणाल म्हणजे माझी दुभाषी. नाशिकला गंगापूर रोडला राहणारी, पुण्यात स्पॅनिश शिकलेली, चोवीस वर्षांची पोरगी. आणि मी विमल, कांदा लावणारी, काढणारी, निवडणारी आणि साठवणारी बाई. शेतकऱ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमात क्युबाला कांद्याची चाळ बांधून दाखवायला आमच्या जिल्ह्यातून एक शेतकरी जायचा होता. नाव ह्यांचं निघालं होतं. पण ह्यांनी पासपोर्ट कधी काढला नव्हता आणि माझा मात्र होता, लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला जाताना काढलेला. दिवस थोडे होते. तर चाळ बांधण्यात हुशार म्हणून नाही, पासपोर्ट होता म्हणून मी क्युबा पाहिला, हे आधीच सांगून टाकते. अर्थात चाळ मला बांधता येत नाही असंही नाही. लग्न होऊन आले त्या वर्षापासून, आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि नंतर स्वतःच्या हाताने, मी आठ-दहा चाळी उभ्या केल्यात.

चाळ म्हटल्यावर मुंबईकरांना माणसं राहतात ती आठवेल. आमच्या चाळीत कांदा राहतो. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांबूचा माच, खाली वाऱ्याला मोकळी जागा, बाजूंना बांबूच्या फटी, वर छप्पर. कांद्याला खालून, बाजूने, सगळीकडून वारा लागला तर तो पाच-सहा महिने टिकतो. वारा नाही लागला तर महिन्यात घाण मारतो.

सांक्ती स्पिरितुस

हवानाहून दिवसभराच्या बसप्रवासानंतर आम्ही सांक्ती स्पिरितुस नावाच्या गावी पोहोचलो. क्युबाच्या साधारण मध्यावर, पाचशे वर्षांना टेकलेलं जिल्ह्याचं गाव. सटाण्याहून मोठं, मालेगावहून लहान असं मी मनात धरलं. मृणाल म्हणाली, "काकू, प्रत्येक गाव तुम्ही सटाण्याने मोजणार का?" दुसऱ्या कशाने मोजू? माझी पट्टी तीच आहे.

बैठी, कौलारू घरं. खिडक्या दाराएवढ्या उंच, थेट जमिनीपर्यंत आणि त्यांना लोखंडी गज. सगळं घर रस्त्यावरून दिसतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. प्रत्येक उंबऱ्याच्या आत दोन झुलत्या खुर्च्या आणि त्यात बसलेली म्हातारी माणसं. आपल्याकडे ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करतात, ती इथे झुलत झुलत करतात. मोटारी थोड्या, घोडागाड्या फार. एकेका गाडीत दोन्ही बाजूंना बाकं आणि आठ-दहा माणसं. घोड्याच्या शेपटीखाली शेण झेलायला पोतं बांधलेलं असतं. ही युक्ती नाशिकच्या टांगेवाल्यांना कोणी सांगितली असती तर पंचवटीतून नाक धरून जावं लागलं नसतं.

गावातून यायाबो नावाची नदी वाहते आणि तिच्यावर विटांच्या कमानींचा जुना पूल आहे. पुलाचा चुना गाढविणीच्या दुधात कालवला होता असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे जुन्या बांधकामात गूळ, बेलफळ आणि उडदाचं पाणी घालत. ऐकणाऱ्या म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे तुमचा पूल गोड आणि आमचा पौष्टिक." त्याच्या अंगात चार खिशांचा पांढरा सदरा होता. हा सदरा सगळ्या क्युबात घालतात, पण तो पहिल्यांदा ह्याच नदीकाठी शिवला गेला, असाही ह्या गावाचा दावा आहे. कोण्या बायकोने नवऱ्याला शेतातून पेरू आणता यावेत म्हणून खिसे वाढवले म्हणे. पेरूसाठी नवऱ्याला खिसे शिवून देणारी बाई मला लगेच ओळखीची वाटली.

रांगेची पद्धत मात्र मी जन्मात विसरणार नाही. आइस्क्रीमच्या दुकानापुढे पन्नास माणसं होती, पण रांग नव्हती. कोणी झाडाखाली, कोणी पायरीवर, कोणी गप्पांत. नवा माणूस आला की मोठ्याने विचारतो, "उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? एक हात वर होतो. झालं. आता त्या माणसाच्या मागे तुम्ही. मग खुशाल सावलीत जाऊन बसा, तुमची जागा कोणी घेत नाही. आमच्याकडे रॉकेलच्या रांगेत डबे, चपला, दगड ठेवून माणसं घरी जातात आणि परत आल्यावर दगडावरून भांडणं होतात. इथे दगडाऐवजी माणसाचा शब्द ठेवायचा. मी दोनदा विनाकारण रांगेत उभी राहिले, केवळ "उल्तिमो" म्हणायला मिळावं म्हणून. दुसऱ्यांदा ती रांग साबणाची निघाली आणि त्यासाठी रेशनचं पुस्तक लागत होतं.

जेवण बेताचं. काळ्या घेवड्यात शिजवलेला भात, उकडलेल्या कंदावर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस, तळलेली कच्ची केळी. प्रत्येक वेळी मृणालला आधी विचारायला लावायचे, "ह्यात डुकराची चरबी आहे का?" तिसऱ्या दिवशी खानावळीची बाई मला पाहताच लांबूनच दोन्ही हात हलवून "नाही, नाही" म्हणू लागली. मिरची तर ह्या लोकांना ठाऊकच नाही. माझी चटणी नसती तर माझं अवघड होतं.

बानाओ

शहराच्या भोवतालचा तालुका फार देखणा आहे. एका बाजूला सपाट, उसाची रानं आणि समुद्रासारखं पसरलेलं धरण. दुसऱ्या बाजूला निळसर डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी बानाओ, म्हणजे कांदा-लसणाचं गाव. शहरापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर. वाटेत बैलांचं औत दिसलं म्हणून मी गाडी थांबवायला लावली. वशिंडवाले बैल थेट आपल्यासारखे, पण जू मानेवर नव्हतं, शिंगांना बांधलेलं होतं. बैल सगळा भार कपाळाने ओढत होते. औत हाकणाऱ्याला विचारलं तर त्याने उलट मला विचारलं, "मग शिंगं कशासाठी असतात?"

आणखी एक गोष्ट त्या वाटेवर मी पाहिली. पांढऱ्या गुळगुळीत खोडांचे उंच उंच ताड, आणि सगळ्यांच्या झावळ्या एकाच बाजूला गेलेल्या, विंचरून मागे घेतलेल्या केसांसारख्या. छान दिसतं म्हणून मृणालला फोटोही काढायला लावला. पाहिलं, पण त्याचा विचार काही केला नाही.

आमची यजमानीण कारिदाद. वय अठ्ठावन्न, हाडं मोठी, आवाज त्याहून मोठा, डोक्यावर पुरुषी गवती टोपी. मी पन्नाशीची, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. ती मला "बिमाल" म्हणायची. 'व' तिच्या जिभेवर बसत नव्हता आणि मलाही बिमाल आवडलं.

पहिल्या संध्याकाळी अंगठ्याएवढ्या कपातली गोड कॉफी देऊन तिने तिची कथा सांगितली. ती अठरा वर्षांची असताना सरकारने ह्या डोंगराच्या पायथ्याशी मोठी शेती काढली आणि ती करायला शेकडो मुली आणल्या. त्यांनी द्राक्षं लावली, स्ट्रॉबेरी लावली, कांदा लावला.

"द्राक्षं?" मी उडालेच. "आमच्या दिंडोरीला या. तिथे रात्रंदिवस द्राक्षच बोलतात."

"आमची नाही टिकली," ती म्हणाली. "स्ट्रॉबेरीही गेली. बऱ्याचशा मुलीसुद्धा गेल्या. कांदा राहिला आणि मी राहिले."

मग तिने मला तिचा कांदा दाखवला. चपटा, तांबूस, मध्यम आकाराचा. मी हातात घेऊन आधी मान दाबून पाहिली. बारीक मान, घट्ट पापुद्रा, एकाच डोळ्याचा, म्हणजे आत जोडकांदा नसलेला. कांद्याची जात मानेत कळते, आणि हा जातिवंत होता. पस्तीस वर्षं ती दर हंगामाला सगळ्यात चांगले कांदे बाजूला काढत होती, थंडीत ते परत लावून त्यांचे डोंगळे, म्हणजे बियाण्याचे कांदे, करत होती आणि त्यांचं उळं धरत होती. थेट आम्ही करतो तेच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पण तिच्याकडे मार्चमध्ये निवडलेला कांदा लावणीच्या वेळेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत टिकेना. वेण्या घालून ती ते तंबाखूच्या जुन्या कोठारात टांगायची. पण कोठार बंदिस्त, पावसाळा दमट. ऑगस्टपर्यंत निम्मे सडत. मागच्या वर्षी लावायला फक्त पस्तीस कांदे उरले होते. बाहेरून येणारं बी कधी उशिरा येतं, कधी भलतंच येतं, आणि ते काही तिचं नसतं. ह्या वर्षी तिने दोनशे चाळीस निवडले होते. ते सडले की तिची जात संपली.

"तू आलीस," ती म्हणाली, "आता टिकेल."

हे वाक्य मृणालने फार सहज भाषांतर करून टाकलं. मला त्या रात्री त्याने झोप लागली नाही.

चाळ

चाळीला सहा दिवस लागले. बांबू भरपूर, ताडाच्या फळ्या होत्या, छपराला झावळ्या होत्या. खिळे मात्र नव्हते. कारिदादताईकडे जुन्या वाकड्या खिळ्यांचा एक डबा होता. रोज सकाळी कॉफी झाली की आम्ही तिघी दगडावर खिळे ठेवून हातोडीने सरळ करत बसायचो. मृणालने गंगापूर रोडला उभ्या आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. तिने पहिल्या दिवशी बोट चेचून घेतलं आणि तिसऱ्या दिवसापासून आम्हाला शिकवू लागली.

मी सांगायचे आणि ताई करायची. माच इतका उंच. फटी बोटभर. थर छातीपर्यंतच, त्यावर नाही. कांदा वेणीत नाही, मोकळा. त्यासाठी पात कापायची, पण मान दोन बोटं ठेवून. वेण्या सोडून पात कापताना तिचा हात थोडा अडला. मग कापत गेली.

बांधून झाल्यावर मी म्हटलं, "आता झडीची बाजू झाकू." झड म्हणजे वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस. आमच्याकडे तो पश्चिमेकडून येतो, घाटावरून. त्यामुळे आम्ही चाळीची पश्चिम बाजू बारदानाने झाकतो आणि पूर्व उघडी ठेवतो. हस्ताचा पाऊस गडगडत उलटीकडून येतो खरा, पण तोवर चाळ बहुतेक रिकामी झालेली असते, म्हणून पूर्वेची काळजी कोणी करत नाही. बारदान तिकडे मिळेना. म्हणून ताईने दोन दिवस बसून झावळ्यांची एक लांबलचक चटई विणली.

ती बांधायची वेळ आली तेव्हा तिने पश्चिमेला बोट केलं. "इकडे?"

"हो, इकडे."

तिने आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बुएनो," म्हणाली, म्हणजे 'बरं'. आणि चटई बांधली.

दोनशे चाळीस कांदे आम्ही एकेक करून हाताने ठेवले. मी पूर्वेच्या कडेला आधी भरले, कारण तिकडे वारा छान लागत होता.

दोन दिवसांनी दुपारी चार वाजता पाऊस आला. मार्चमध्ये तिथे सहसा येत नाही. आम्ही तांदूळ निवडत बसलो होतो. वारा एकदम उठला, ताडांच्या झावळ्या सळसळून आणखीनच पश्चिमेकडे गेल्या, आणि मी उठून दारात आले तेव्हा पाऊस पूर्वेकडून आडवा येत होता. थेट उघड्या बाजूने. पश्चिमेची सुंदर विणलेली चटई कोरडी ठक्क होती.

आम्ही पळालो. चादरी धरल्या, टोपल्या धरल्या, मी अंगावरची ओढून घेतलेली शाल धरली. ताई पाठ करून चाळीला टेकून उभी राहिली, जणू तीच भिंत. अर्ध्या तासाने पाऊस गेला. तेव्हा पूर्वेचे सगळे कांदे निथळत होते, आणि माचाच्या बांबूंतून पाणी ठिबकत होतं.

आम्ही एकेक काढून निवडले. ज्याच्या मानेत पाणी शिरलं तो गेला समजायचा. वरून पुसून काही होत नाही. अंधार पडायच्या आत त्र्याण्णव कांदे बाजूला निघाले. ताईने ते टोपलीत भरले, स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि मला विचारलं, "कॉफी घेशील?"

रांगेत

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घरी फोन करायला शहरात जायचं आधीच ठरलं होतं. वाटभर मी मृणालपाशी कुरकुर करत होते. "तिला ठाऊक होतं. तिने आभाळाकडे पाहिलं होतं, मी पाहिलं ते. मग बोलली का नाही? तोंडात काय मूग होते? आपला कांदा असताना माणूस गप्प बसतं का?"

मृणाल शेवटी म्हणाली, "काकू, त्या ताडांचा फोटो काढायला तुम्हीच लावला होता."

उरलेली वाट मी बाहेरचे ताड बघत काढली.

फोनच्या कचेरीत वीस माणसं होती. "उल्तिमो?" म्हटलं. एका म्हातारीने हात वर केला. पाऊण तासाने ह्यांचा आवाज आला. ह्यांचं मूळ गाव नामपूर, आणि तिकडची अहिराणी त्यांनी देवळ्याला येऊनही सोडली नाही. मी सगळं सांगितलं. ताई कशी गप्प राहिली हेही तिखटमीठ लावून सांगितलं.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "चूक तुनी शे ना?"

"हो, पण..."

"मग मले काय सांगी ऱ्हायनी? तिले सांग." आणि पुढे म्हणाले, "तो जीपवाला साहेब आठवस का?"

आठवला. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर जीपमधून एक साहेब आला होता. त्याने आमची चाळ पाहिली आणि म्हणाला, खालची पोकळी बंद करा, उंदीर येतात. आम्ही सगळे, घरातली सहा माणसं, माना हलवत "हो साहेब, बरोबर साहेब" म्हणत राहिलो. मी त्याला चहा केला. ह्यांनी त्याच्यासमोर दोन विटासुद्धा रचल्या. जीप वळणावर गेली तशा आम्ही विटा काढल्या आणि पोट धरून हसलो.

फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. मला लाज वाटली, आणि ती नुसत्या चुकीची नव्हती. मी इतकी वर्षं त्या साहेबाला हसत आले होते, आणि आता बानाओमध्ये जीपमधून उतरलेली मीच होते.

असू दे

परत आलो तेव्हा ताई अंगणात बसून नवी चटई विणत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मृणालला म्हटलं, "जसं म्हणते तसं सांग. गोड करू नकोस."

"ताई, माझं चुकलं. माझ्या गावचा पाऊस कुठून येतो ते मी तुला सांगितलं. तुझ्या गावचा कुठून येतो ते विचारलंच नाही. तुझे कांदे माझ्यामुळे गेले."

तिने विणणं थांबवलं.  मग तिच्या त्या मोठ्या आवाजात ती काहीतरी म्हणाली आणि मृणालला हसू आवरेना.

"काय म्हणाली?"

"म्हणतात, तू इतक्या लांबून आलीस. तुमच्याकडे डोंगरांएवढा कांदा पिकतो. मला वाटलं, हिला काही ठाऊक असेल. आणि नसलं तरी पाहुणीला तोंडावर कसं म्हणायचं? दहा दिवसांनी तू जाणारच होतीस. तू गेलीस की मी चटई फिरवणार होते. पाऊसच लवकर आला."

मी हसायला लागले ते थांबेना, आणि मग हसता हसता रडायला लागले. तिला जीपवाल्या साहेबाची गोष्ट सांगितली. ती मांडीवर थापा मारत हसली. तिच्याकडेही असे पुष्कळ येऊन गेले होते म्हणे, दरेक वेगळ्या गाडीतून. मग मी चटणीचा डबा आणला. तिने बोटभर घेऊन जिभेवर ठेवली. डोळे पुसत म्हणाली, ह्याने कोणीही खरं बोलेल, आधी द्यायची होतीस.

त्यानंतरचे दिवस आम्ही खऱ्या कामाला लागलो. मी विचारत होते आणि ती सांगत होती. वारा सकाळी कुठून, दुपारी कुठून. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं. राहिलेले एकशे सत्तेचाळीस कांदे सावलीत पसरून वाळवले, निवडले आणि पुन्हा मांडले. नवी चटई पूर्वेला बांधली. खालची पोकळी मात्र मी सांगितली तितकी ठेवली. ते तिने मान्य केलं, आणि ह्या वेळी तिचा होकार खरा होता. मी दोनदा विचारून घेतलं.

निघायच्या सकाळी ती पश्चिमेची जुनी चटई सोडत होती. मी म्हटलं, "फेकून दे ती. माझी चूक आहे ती, रोज कशाला पाहतेस?"

तिने चटई नीट गुंडाळली आणि पश्चिमेच्या बाजूला, छपराच्या आतल्या वाशावर सरकवून ठेवली.

"असू दे म्हणतात," मृणाल म्हणाली.

परत येताना बॅगेत काही नव्हतं. तिने उळं दिलं नाही, मी मागितलं नाही. बंदी म्हणजे बंदी. जुन्या डब्यातला एक सरळ केलेला खिळा मात्र तिने माझ्या हातावर ठेवला, आणि तो विमानतळावरच्या बाईंनी बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

घरी

एप्रिलपासून मी रोज मनात हिशेब धरत होते. आता तिथे मे लागला. आता पाऊस सुरू झाला. आता ऑगस्ट, आता निम्मे सडायचे दिवस. सप्टेंबरात टीव्हीवर त्या बाजूला मोठं चक्रीवादळ गेल्याची बातमी आली. ताड मोडून पडलेले दाखवले. कोणतं गाव ते काही कळलं नाही. मृणालला फोन केला, तर तिलाही कळलं नव्हतं. दोन महिने काही नाही. ह्यांच्यासमोर मी विषय काढत नव्हते, पण आमचे डोंगळे लावायला निवडताना माझ्या हातातून दोनदा पाटी सुटली. तेव्हा ते नुसतं म्हणाले, "कळी जाई."

नोव्हेंबर संपता संपता मृणाल नाशिकहून बसने देवळ्याला आली. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणाली.  तिने कागद काढला. सायबर कॅफेत बसून उतरवून घेतलेला निरोप, बानाओच्या कोणीतरी कारिदादताईच्या तोंडून लिहून घेऊन पाठवलेला. तिने तो मराठीत करत वाचला.

"बिमालला सांगा. वादळ आलं तेव्हा आधी पाऊस पूर्वेकडून आला, रोजच्यासारखा. चटई बांधलेली होती. मग वादळ पुढे गेलं आणि वारा फिरला. मी इथे चाळीस वर्षं राहते, असा पश्चिमेकडून पाऊस दोनदाच पाहिला आहे. मी वाशावरची तिची चटई काढली आणि तिच्या बाजूला बांधली. कोठाराचं छप्पर उडालं. चाळ राहिली. काल एकशे चार कांदे लावले."

मृणालने कागद माझ्या हातात दिला. मी तो वाचू शकत नव्हते, स्पॅनिश होतं. तरी बराच वेळ धरून बसले. मग खूप रडले, आणि मग मृणालला जेवायला थांबवून पिठलं-भाकरी केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही आमची चाळ भरली. पश्चिमेला नेहमीचं बारदान बांधून झालं. मी आणखी दोन बारदानं शिवली, गुंडाळली आणि पूर्वेच्या वाशावर सरकवून ठेवली.

"तठे कसाले?" ह्यांनी खालून विचारलं. "हस्तापावत कांदा ठेवशी का?"

"असू द्या," मी म्हटलं.